वजन मुलीचं, निर्णय कुणाचा?

२०२३ च्या जून-जुलैमध्ये, महिन्याभराच्या अंतरानं, दोन मुली माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. एक सतरा वर्षांची, दुसरी नुकतीच पंधरा पूर्ण झालेली. दोघींच्या बाबतीत प्रश्न एकच होता : वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करायची की नाही?

मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करते. अशा शस्त्रक्रियेआधी पेशंटशी आणि घरच्यांशी बोलायचं, घरची परिस्थिती, पेशंटच्या मनाची तयारी, नंतरची काळजी कोण घेणार हे सगळं पाहायचं आणि डॉक्टरांना एक टिपण द्यायचं, हे माझं काम. एम.एस.डब्ल्यू. करताना असली टिपणं कशी लिहायची ते शिकवलं होतं. पण एका टिपणावर एखाद्या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य टेकलेलं असू शकतं, हे या दोघींनी मला शिकवलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी दोघींना विचारलं आहे.)

पहिली तालुक्याच्या गावातली. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान, घर खाऊनपिऊन सुखी. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. पाळी अनियमित, साखर, रक्तदाब मात्र ठीक. आई बोलायला लागली ती थांबेचना. "मॅडम, मुलगी हुशार आहे, स्वयंपाक येतो, रंगही बरा. नुसतं अंग आडवं येतं. आमच्या जाऊबाईंच्या मुलीला बारावीतच स्थळ सांगून आलं. हिचा फोटो दाखवायचीसुद्धा चोरी. यंदा ऑपरेशन उरकलं म्हणजे बारावी होईपर्यंत अंगानं उतरेल, मग आम्ही बघायला मोकळे." मुलगी ओढणीच्या टोकाला पीळ घालत खाली बघत होती. मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं?" उत्तर आईनंच दिलं, "तिला काय वाटायचंय? तिच्याच भल्याचं आहे ना!"

दुसरी शहरातल्याच वस्तीतली. वडील रिक्षा चालवतात, आई चार घरी पोळ्या लाटते. उंची १६० सेंटिमीटर, वजन १२२ किलो. चौदाव्या वर्षीच मधुमेह निघालेला, रक्तदाब वाढलेला. रात्री झोपेत श्वास अडकायचा, ती दचकून उठायची. मग दिवसा वर्गात बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि सगळा वर्ग तिला 'कुंभकर्ण' म्हणून हसायचा. दोन वर्षं औषधं, आहार, चालणं सगळं करून झालं होतं. डॉक्टरांच्या मते शस्त्रक्रिया करायला हवी होती. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखून ठेवायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानं महाराष्ट्रात लागू झाली. त्यातून खर्चाची सोय होत होती. आई तयार होती. वडील मात्र हलेनात. "पोटाला भोकं पाडलेली पोर कोण करून घेईल, ताई? गोळ्यांनी काय होईल ते करा. पुढचं लग्न झाल्यावर नवरा बघेल."

त्या रात्री घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की दोन्ही घरांत बोलणं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं होतं. एका घरात लग्नासाठी पोट कापायचं होतं. दुसऱ्या घरात लग्नासाठीच ते कापायचं नव्हतं. जिला शस्त्रक्रियेची गरज नव्हती तिला घाईघाईनं आणलं होतं आणि जिला गरज होती तिला अडवलं होतं. मुलीच्या तब्येतीवर दोन्हीकडे कुणी बोलतच नव्हतं.



वयात येणाऱ्या मुलामुलींवर ही शस्त्रक्रिया करावी की नाही, असा प्रश्न आला की आपल्याकडे दोन तयार उत्तरं मिळतात. एक : "छे! एवढ्याशा पोरांवर कसली ऑपरेशन्स? तोंड बंद ठेवा, पळायला लावा." दुसरं : "विज्ञान इतकं पुढं गेलंय, पैसे आहेत, तर करून टाकावं." ही दोन्ही उत्तरं मला आळशी वाटतात. म्हणून आधी ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, ते समजून घेऊ.

सध्या सर्वांत जास्त केली जाते ती 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'. तिच्यात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग कापून काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं एक अरुंद नळकांडं. काढलेला भाग परत येत नाही. त्याच भागात 'घ्रेलिन' हे भूक चाळवणारं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. दुसरी पद्धत बायपासची. तिच्यात जठराची एक छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींमध्ये दुर्बिणीतून काम होतं, टाके लहान असतात, पेशंट दोनतीन दिवसांत घरी जातो. त्यामुळे लोकांना वाटतं की झालं, संपलं. खरं तर तिथून सुरुवात होते. एका वेळी थोडंथोडंच खायचं, प्रथिनं मोजून घ्यायची, लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वं जन्मभर घ्यायची, ठरावीक काळानं रक्त तपासायचं. हे जन्मभराचं व्रत आहे. ते सोळाव्या वर्षी घ्यायचं म्हणजे साठ वर्षं पाळायचं.

याचे परिणाम काय होतात हे अमेरिकेत नीट तपासलं गेलं आहे. 'टीन-लॅब्स' नावाच्या अभ्यासात पाच रुग्णालयांतल्या, शस्त्रक्रिया झालेल्या किशोरवयीन मुलामुलींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. २०२४ मध्ये दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा वर्षांनंतरही वजनातली सरासरी २० टक्के घट टिकून होती आणि ज्यांना टाइप-२ मधुमेह होता त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक, ५५ टक्के, त्यातून बाहेर होते. त्याआधी, २०१९ मध्ये, याच अभ्यासातल्या मुलांची तुलना प्रौढपणी शस्त्रक्रिया झालेल्यांशी केली होती. पाच वर्षांनी मधुमेह आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण मुलांत ८६ टक्के होतं, प्रौढांत ५३ टक्के. म्हणजे रोग जुना होण्याआधी हात घातला तर फायदा जास्त. पण त्याच तुलनेत दुसरी बाजूही होती. शरीरातला लोहाचा साठा कमी पडलेल्यांचं प्रमाण मुलांत ४८ टक्के होतं, प्रौढांत २९ टक्के. पोटाच्या पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागण्याचं प्रमाणही मुलांत जास्त होतं.

वाट पाहण्यालाही किंमत असते, हेही सांगायला हवं. लहान वयात टाइप-२ मधुमेह झालेल्या अमेरिकन मुलांचा आणखी एक दीर्घ अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं सरासरी २६ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी ६० टक्के जणांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसा यांपैकी निदान एका ठिकाणी मधुमेहाची बाधा झालेली होती. सव्विसाव्या वर्षी! तेव्हा "मोठी झाल्यावर बघू" हे वाक्य सगळ्यांच्या बाबतीत शहाणपणाचं नसतं. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तीव्र लठ्ठपणा असलेल्या, तेरा वर्षांपुढच्या मुलामुलींना शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी पाठवावं, अशी शिफारस केली ती याच कारणांनी. त्यात 'तीव्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. उंचीच्या मानानं वजनाचा जो निर्देशांक काढतात तो ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, किंवा ४० च्या वर, असा साधारण हिशेब आहे. माझ्याकडच्या पहिल्या मुलीचा निर्देशांक ३५ च्या काठावर होता आणि गंभीर आजार कुठलाच नव्हता. दुसरीचा ४७ च्या पुढं होता, आणि आजार तीन.



हे सगळं मी आमच्या गटाच्या मासिक बैठकीत मांडलं. चर्चा तापली. आमच्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं १९९६ मध्ये बंगळूरला झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेच्या विरोधात निषेध केला होता. ती म्हणाली, "आम्ही जन्मभर सांगत आलो की बाईचं शरीर म्हणजे मापात बसवायची वस्तू नाही. आणि तू आता पंधरा वर्षांच्या पोरीचं जठर कापायचं समर्थन करतेस?" दुसरी म्हणाली, "मुली जाड आहेत हा प्रश्नच नाही. बघणाऱ्यांचे डोळे जाड आहेत हा प्रश्न आहे."

त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि पुरतही नाही. अमेरिकेतल्या त्या 'टीन-लॅब्स'मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या चारांपैकी तीन मुली होत्या. लठ्ठपणा काही चारांपैकी तीन मुलींनाच होत नाही. म्हणजे तिथंही मुलीचंच अंग जास्त खुपतं. आणि आपल्याकडे वजन वाढतं कसं, तेही पाहा. पाळी आली की मुलीचं मैदान बंद. सायकल बंद. "एवढी मोठी घोडी झाली, उड्या काय मारतेस?" तिचा भाऊ त्याच वयात संध्याकाळभर क्रिकेट खेळतो. मुलीला घरात बसवून वाढवायचं आणि लग्नाच्या वेळी तिच्याच अंगाचा हिशेब तिच्याकडे मागायचा, हा अन्याय शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी सुरू होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांच्या मानानं ही बाळं वजनानं कमी होती, पण त्या मानानं त्यांच्या अंगात चरबी टिकून होती. पुढच्या मधुमेहाची मुळं आईच्या गरोदरपणातल्या पोषणाशी जाऊन भिडतात, असं त्यातून पुढं आलं. म्हणजे ज्या मुलीला आपण "तोंडावर ताबा नाही" म्हणून बोल लावतो, तिच्या शरीराची घडण कदाचित तिच्या आईच्या रिकाम्या ताटापासून सुरू झालेली असते.

पण हे सगळं मान्य करूनही, झोपेत श्वास अडकणाऱ्या मुलीला "तू आहेस तशी सुंदर आहेस" एवढंच सांगून मी घरी पाठवू शकत नाही. ती सुंदर आहेच. तिचा मधुमेहही खरा आहे. समाजाची नजर बदलायला लागेल तितका वेळ लागो. तिची मूत्रपिंडं तोवर थांबणार नाहीत. मी बैठकीत एवढंच म्हटलं की गर्भपात, संततिनियमन या प्रश्नांवर आपण नेहमी म्हणत आलो की बाईचं शरीर, बाईचा निर्णय. मग इथे तिचा निर्णय काय आहे, हे विचारण्याआधीच आपण उत्तर का ठरवतोय? आपणही त्या दुसरीच्या वडिलांसारखंच वागतोय का?

बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग माझी तीच ज्येष्ठ मैत्रीण म्हणाली, "बरं, मग विचार त्यांना. पण एकेकटीला विचार."



तसं विचारलं. पहिल्या मुलीच्या आईला बाहेर बसवलं. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, मला बारीक व्हायचंच आहे. वर्गातल्या मुली मला ग्रुप फोटोत मागं उभी करतात." मी विचारलं, "समज, उद्या घरातला लग्नाचा विषय पाच वर्षांसाठी बंद झाला. तरी तू ऑपरेशन करून घेशील?" ती चटकन म्हणाली, "मग कशाला? मग मी झुंबाला जाईन. मला नाचायला आवडतं." आणि आपण काहीतरी गुन्हा कबूल केल्यासारखी ती घाबरून दाराकडे बघायला लागली.

मी टिपणात लिहिलं : आत्ता नको. पाळीसाठी औषधोपचार, आहाराचा सल्ला, मुलीशी नियमित बोलणं, आणि वर्षभरानं पुन्हा विचार. डॉक्टरांनी ते मान्य केलं. आईनं मात्र जाताना मला ऐकवलं, "तुम्हाला काय जातंय, मॅडम? मुलगी आमची घरात राहणार आहे."

२०२४ च्या मार्चमध्ये मुलीला अठरा पूर्ण झाली. एप्रिलमध्ये, बारावीची परीक्षा संपताच, दुसऱ्या एका ठिकाणी तिची शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरमध्ये तिचं लग्न झालं. हे मला कळलं ते २०२५ च्या मार्चमध्ये, तिचा फोन आला तेव्हा. ती दोन महिन्यांची गरोदर होती. सतत उलट्या, चक्कर, केस गळत होते. ती दबक्या आवाजात बोलत होती, कारण सासरी कुणालाच शस्त्रक्रियेचं माहीत नव्हतं. माहेरच्यांनी बजावलं होतं, 'सांगायचं नाही.' त्यामुळे गोळ्या लपवून घ्यायच्या, नाहीतर चुकवायच्या. ताटात थोडं वाढून घेतलं की सासूबाई म्हणायच्या, "आमच्या घरचं गोड लागत नाही का?" म्हणून भरपूर वाढून घ्यायचं आणि मोरीत जाऊन ओकायचं.

या शस्त्रक्रियेनंतर निदान एक ते दीड वर्ष गरोदर राहू नये, असं डॉक्टर सांगतात. त्या काळात वजन झपाट्यानं उतरत असतं आणि आईच्याच अंगात लोह, बी-१२, प्रथिनं अपुरी पडतात. बाळाला कुठून देणार? शिवाय वजन उतरलं की अनियमित पाळी सुरळीत होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. बायपास झाला असेल तर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही. तिच्या कागदांवर ते छापलेलं होतं. पण नवऱ्याला "थांबू या" म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायची बंदी होती. जी शस्त्रक्रिया जन्मभर सांभाळायची ती जन्मभर लपवायची ठरली, तर ती सांभाळणार कशी?

मी तिला समोर बसून नवऱ्याशी बोलायला मदत केली. तो ऐकून अर्धा तास गप्प होता. त्याला फसवल्यासारखं वाटलं, आणि ते त्यानं बोलून दाखवलं. पण दुसऱ्या दिवशी तोच तिला रक्त तपासायला घेऊन आला. हिमोग्लोबिन ७ च्या खाली होतं. पुढं उपचार झाले. बाळ अशक्त, पण धडधाकट जन्मलं. ती सध्या माहेरी आहे. सासूबाईंचा राग गेलेला नाही. हे थोडक्यात निभावलं, असं मी म्हणते. सुखान्त म्हणत नाही.

दुसऱ्या मुलीला मी तोच प्रश्न विचारला होता. "लग्नाचा विषयच नसेल, तरी करशील?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "लग्न? ताई, मला रात्री झोपायचंय. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात न थांबता जायचंय." मग तिनं मला विचारलं, "ऑपरेशनमध्ये मरतात का?" मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिला धोका किती, तो कसला, सगळं चित्र काढून सांगितलं. तिनं ते चित्र घडी घालून दप्तरात ठेवलं.

वडिलांची सही मिळायला सात महिने लागले. रुग्णालयाला दोघांच्याही सह्या हव्या होत्या. या सात महिन्यांत तिला इन्सुलिन सुरू करावं लागलं. शेवटी तिनंच वडिलांना ते चित्र दाखवलं आणि म्हणाली, "पप्पा, माझ्या लग्नात मी जिवंत पाहिजे ना?" २०२४ च्या फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. वर्षभरानं तिचं वजन ८८ किलो होतं. इन्सुलिन बंद झालं होतं, ती रात्रभर झोपत होती. लोहाच्या गोळ्या मात्र पुन्हा पुन्हा वाढवाव्या लागतात. मधले काही महिने ती फार उदास होती. खाणं हाच तिचा एक विसावा होता, तो गेला. स्वीडनमध्येही शस्त्रक्रिया झालेल्या मुलामुलींचा अभ्यास झाला, तेव्हा पाच वर्षांनंतरही मानसिक उपचारांची गरज कमी झालेली दिसली नाही. आणि ८८ किलोची मुलगी रस्त्यावरच्या लोकांना अजून जाडच दिसते. शेजारची बाई म्हणाली, "ऑपरेशन करूनसुद्धा एवढीच?" ती मला हसत सांगत होती. हसताना डोळे भरून आले होते.



म्हणून माझं मत असं आहे. गंभीर आजारी असलेल्या, बाकीचे उपाय करून थकलेल्या मुलामुलींना ही शस्त्रक्रिया नाकारणं चूक आहे. वयाचं कारण पुढं करून तर अजिबात नाकारू नये. पण ज्या मुलीला आजार नाही, तिला लग्नाच्या बाजारात बसवण्यासाठी ही शस्त्रक्रिया करणं ही हिंसा आहे. ती पांढऱ्या कोटात, दिव्यांखाली, भूल देऊन केली तरी हिंसाच. आणि या दोन गोष्टींत फरक करायचा तर वजनकाट्याबरोबर मुलीचा स्वतःचा शब्द हवा.

तो शब्द मिळवायचा कसा? पहिली गोष्ट, मुलीशी एकटीशी बोलणं. एकदा नव्हे, निदान तीनदा, आणि घरच्यांपैकी कुणी खोलीत नसताना. बालहक्कांच्या करारावर भारतानं १९९२ मध्येच मान्यता दिली आहे. त्याच्या बाराव्या कलमात मुलांशी संबंधित बाबतीत त्यांचं मत ऐकून घ्यायचा हक्क आहे. आपल्याकडे अठरा वर्षांखाली सही आईवडिलांची लागते, ते ठीक. पण सही त्यांची म्हणून मतही त्यांचंच, असं नव्हे. मुलगी 'नाही' म्हणाली तर ते 'नाही' धरलं पाहिजे. 'हो' म्हणाली तर ते कशासाठी, हे विचारलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, लग्न. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही, हे आईवडिलांना आधीच स्पष्ट सांगायला हवं. कायद्यानं त्यांना बांधता येणार नाही, मान्य. पण हे ऐकून जे उठून जातात, ते कशासाठी आले होते ते तरी कळतं. आणि ज्या घरात हे लपवून ठेवावं लागेल, त्या घरात मुलगी देऊ नका, इतकं तरी सांगता येतं.

तिसरी गोष्ट, नंतरचा खर्च. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा खर्च काही अटींवर विम्यात धरला जातो, पण त्यातली एक अट अशी की पेशंट अठरा वर्षांचा हवा. म्हणजे गंभीर आजारी पंधरा वर्षांच्या मुलीनं एक तर पैसे उभे करावेत, नाहीतर तीन वर्षं रोग वाढू द्यावा. गंभीर आजारात ही अट सैल व्हायला हवी. आणि शस्त्रक्रिया झाली की पुढच्या गोळ्या, तपासण्या, समुपदेशन यांची तरतूद त्याच योजनेत हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. ज्या देशात मुळातच दहातल्या सहा मुली पांढऱ्याफटक आहेत, तिथं लोहाची कमतरता वाढवणारी शस्त्रक्रिया करून तिला वाऱ्यावर सोडणं परवडणार नाही. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शनंही आपल्या बाजारात आली आहेत. उद्या हेच सगळे प्रश्न ती घेऊन पुन्हा आपल्या दारात येणार आहेत. तेव्हा उत्तरं आत्ताच शोधलेली बरी.

चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे. मुलींचं मैदान परत मिळवणं. शाळेच्या पालकसभेत जाऊन विचारा, सातवीनंतर मुलींचा खेळाचा तास कुठं गेला? त्या तासाला त्यांना रांगोळी काढायला का बसवतात? आणि घरी आलेल्या भाचीला, पुतणीला पहिल्यांदा भेटताना "किती सुटलीस गं!" म्हणायचं आपण सोडू या. हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलं असेल, आठवून लाज वाटते.

मला एक प्रश्न अजून सतावतो. पहिल्या मुलीच्या बाबतीत मी 'नको' लिहिलं, ते बरोबर होतं असं मी मानते. पण ते लिहून मी फाइल बंद केली. वर्षभर 'नियमित बोलणं' कागदावर राहिलं. विभागात आम्ही दोघीच, पेशंट रोज शेकड्यानं, हे कारण खरं आहे. पण त्या काळात कुणीतरी तिच्याशी बोलत राहिलं असतं, निदान तिच्या झुंबाच्या क्लासची फी कुठून भरायची एवढं बघितलं असतं, तर अठराव्या वर्षी ती स्वतः 'नाही' म्हणू शकली असती का? 'नको' म्हणणाऱ्यांवर पुढची जबाबदारी जास्त असते, हे मला उशिरा कळलं.

मैत्रिणींनो, तुमच्या ओळखीत, शेजारात, शाळेत अशी एखादी मुलगी असेलच. तिच्यावर मत देण्याआधी तिला एकटीला गाठा आणि विचारा. तुमचा अनुभव काय, माझं कुठं चुकतंय, ते जरूर लिहून कळवा. बैठकीत ज्या मैत्रिणी माझ्याशी भांडल्या त्यांनीही लिहावं. त्यांचं पत्र पुढच्या अंकात छापलं जावं, असा माझाच आग्रह आहे.